सात खुर्च्यांची हजेरी

मी सव्वीस वर्षं नगरच्या कोर्टात टायपिस्ट होते. समोर जे बोललं जाईल ते लिहायचं, आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही, हे एवढंच मी तिथे शिकले आणि त्याचाच आयुष्यभर तोरा मिरवला. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. बाहेरच्यांची म्हणायची हिंमत होत नाही. निवृत्त झाल्यावर सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करण्यापेक्षा बाहेर काहीतरी बघावं म्हणून एका लहानशा संस्थेचं कागदपत्रांचं काम मी अंगावर घेतलं. पगार नव्हता. पंखा होता, तोही एक दिवसाआड चालायचा.

संस्था म्हणजे काय, तर कोर्टामागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. पाथर्डीकडची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, त्यांच्या पोरांची शाळा सुटते, म्हणून सात मित्रांनी मिळून ही संस्था काढली होती. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना सगळे सर म्हणत, मीही म्हणायची. सुरुवातीला फर्निचर नव्हतं तेव्हा सातही जणांनी आपापल्या घरून एकेक खुर्ची आणली होती. एक वेताची, एक लोखंडी, एकीचा हात मोडलेला, अशा सात तऱ्हेच्या सात खुर्च्या. मी आले तोवर त्या सातांपैकी चौघे वारले होते. खुर्च्या मात्र सातच होत्या आणि त्या चारांवर कुणी बसत नसे. मी पहिल्याच दिवशी एकीवर पिशवी ठेवली, तर सरांनी ती उचलून टेबलावर ठेवली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

मग पहिली सभा झाली. सरांनी शाळेतल्यासारखी हजेरी घ्यायला सुरुवात केली. मी वही उघडून मान खाली घालून बसले. पहिलं नाव घेतलं. मला माहीत होतं, ते गृहस्थ वारून दोन वर्षं झाली होती. तरी "हजर" असं ऐकू आलं. मी वर पाहिलं. सर वहीत बघत होते. दुसरं नाव, "हजर". हा आवाज थोडा घोगरा होता. मी म्हटलं, म्हाताऱ्याला नाटकाची हौस दिसतेय. गेलेल्या मित्रांच्या वतीने स्वतःच हजेरी देतो आणि आवाजही बदलतो. उरलेल्या दोघांपैकी एकाला ऐकू यायचं नाही आणि दुसरे सभा सुरू झाली की डोळे मिटायचे, त्यांच्याकडून खुलासा मिळण्याची सोय नव्हती.

सभा संपल्यावर मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, पहिल्या दिवसापासून आमची हीच पद्धत आहे. कुणी आजारी असलं तरी नाव वगळायचं नाही, असं सातांनी मिळून ठरवलं होतं." आजारी असणं आणि नसणं यात फरक असतो, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण मी काय केलं, तर जे ऐकलं ते लिहिलं. 'सात विश्वस्त हजर.' पुढची पाच वर्षं, प्रत्येक सभेला, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.

या सवयीचं काय होणार ते पुढे घरकुलांच्या वेळी कळलं.

सरकारची योजना अशी होती की भूमिहीन ऊसतोड कुटुंबांना घरं बांधून द्यायला पैसे मिळणार, पण ते काम एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत करायचं. पाथर्डीच्या पुढे माळावर एक वस्ती आहे, बावीस घरांची. घरं कसली, पत्रे आणि ताडपत्री. त्या वस्तीसाठी अर्ज करायचं सरांनी ठरवलं आणि फाईल माझ्या गळ्यात आली. पात्र ठरायचं म्हणजे काय दिव्य असतं ते केल्याशिवाय कळत नाही. संस्था जुनी पाहिजे. तिच्या उद्देशांत घरबांधणीचा उल्लेख पाहिजे. आमच्यात 'निवारा' एवढाच शब्द होता, तो एका वकिलाने ताणून पुरवला. लागोपाठच्या वर्षांचे ऑडिट रिपोर्ट पाहिजेत. जमिनीचा सातबारा स्वच्छ पाहिजे, ग्रामसभेचा ठराव पाहिजे. मी उन्हातान्हात जीपने हेलपाटे घातले, तलाठ्याशी भांडले, ग्रामसेवकाशी दोनदा भांडले. एकेक कागद गोळा होत गेला. मला त्या फाईलचा फार अभिमान वाटायला लागला होता.

त्या वस्तीतली एक बाई दर मंगळवारी एसटीने नगरला यायची. तिशी-पस्तिशीची, अंगाने काटक. जिना चढून दारात उभी राहायची आणि विचारायची, झालं का. तिला घर हवं होतं ते एकाच कारणासाठी. तिची मुलगी आठवीत होती. पक्कं घर असलं तर आजीजवळ मुलीला ठेवून जाता येईल, ताडपत्रीच्या खोपीत म्हातारी आणि वयात आलेली पोर दोघींनाच सहा महिने कसं ठेवायचं? घर नाही झालं, तर दसऱ्यानंतर पोर उसाच्या फडात जाणार, आणि एकदा फडात गेलेली पोर शाळेत परत येत नाही, हे मला सांगायची तिला गरज पडली नाही.

एका मंगळवारी ती आली तेव्हा मी आणि सर फाईलवर वाकलेलो होतो. उन्हातून आलेली, दमलेली, तिने त्या चारांतली समोरची वेताची खुर्ची ओढली आणि बसली. सर एकदम सरळ झाले. मी "अगं" म्हणेपर्यंत ती स्वतःच उठून उभी राहिली होती. तिने खुर्चीच्या वेतावर हाताचा तळवा टेकवला.

"बाई, आत्ता कोन बसलं हुतं हितं?" ती म्हणाली. "खुर्ची गरम हाय."

सकाळपासून खोलीत आम्ही दोघंच होतो. ऊन त्या कोपऱ्यात पोचत नाही, खिडकी उलट्या बाजूला आहे. मी तिला म्हटलं, उन्हातून आलीस, तुझंच अंग तापलंय. ती मान हलवून खाली फरशीवर बसली आणि त्यानंतर कधीच खुर्चीवर बसली नाही. ती गेल्यावर मी हात लावून पाहिला. काय जाणवलं ते आज नक्की सांगता येणार नाही, पण मी हात लगेच काढून घेतला होता.

त्याच आठवड्यात शेवटची अट राहिली होती ती वाचली. अर्जाला विश्वस्त मंडळाचा ठराव जोडायचा, सभेत कोरम पूर्ण असला पाहिजे, म्हणजे सातांपैकी निदान पाच जण हजर. आणि हजर असलेल्यांची नावं धर्मादाय कचेरीतल्या यादीशी जुळली पाहिजेत. मी यादीचा उतारा काढून आणला. त्यात सातही नावं होती. चौघे गेल्याचं कुणी तिथे कळवलंच नव्हतं. माझ्या वहीत सात, सरकारच्या यादीत सात. कागदावर कुणीही मेलेलं नव्हतं.

जिवंत तिघे, कोरम पाचाचा. नवे विश्वस्त नेमायचे तरी सभा पाहिजे, सभेला पाच पाहिजेत, आणि पाच आणायचे कुठून? म्हणजे घरकुलांचा ठराव, त्याआधीचे सगळे ठराव, त्या चार खुर्च्यांच्या जिवावर उभे होते. आणि लिहिणारी मी. कोर्टात सव्वीस वर्षं काढलेली मी!

मी सरांवर चिडले. तुमच्या या हौसेपायी बावीस कुटुंबं बुडतील असंही म्हणाले. मग मी वही उघडून एकेक सभा त्यांच्यापुढे धरायला लागले. ही बघा, ही बघा, इथे तुम्ही चारदा हजर म्हणालात. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"बाई, ही सभा आठवते का? माझ्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर डॉक्टरांनी एक शब्द बोलू दिला नव्हता. त्या दिवशी नावं तुम्ही वाचली होती."

मला आठवलं. नावं मी वाचली होती. सर गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. आणि माझ्या अक्षरात, माझ्या रेघेसकट, लिहिलेलं होतं, सात विश्वस्त हजर. सवयीने लिहिलं असेल, मी म्हटलं. पण मी सवयीने लिहीत नाही. मी ऐकते आणि लिहिते. त्या दुपारी खाली झेरॉक्सचं मशीन बंद पडलं होतं, आणि त्या शांततेत चारही खुर्च्यांकडे पाठ करून बसायची माझी हिंमत झाली नाही.

मुदत जवळ आली होती. सर एवढंच म्हणाले, "मी आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही आणि यापुढेही लिहिणार नाही, पण हे खोटं आहे असं मला वाटत नाही." फाईल तशीच गेली. हो, मी जाऊ दिली. मला त्या मुलीची आठवी दिसत होती.

पडताळणीला एक तरुण मॅडम आल्या, भर दुपारी. हुशार, नीटनेटक्या, बोलायला बऱ्या. नेमका मंगळवार होता, त्यामुळे ती बाईही दाराशी फरशीवर बसलेली होती. मॅडमनी एकेक कागद पाहिला, मान डोलावली. मग वही उघडली आणि म्हणाल्या, विश्वस्तांना बोलावलंय ना, मी नावं घेते, तुम्ही लिहा. त्यांनी पहिलं नाव घेतलं.

सरांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. ओठ हलले, पण सरकारी माणसापुढे त्यांच्याने ते होईना. मॅडमनी दुसऱ्यांदा नाव घेतलं.

"हाय," दारातून आवाज आला.

ती बाई उभी राहिली होती. मॅडमनी विचारलं, तुम्ही कोण? तिने जराही न अडखळता सांगितलं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे मुकादम नावं घेतो. जोडीतलं एक तापाने पडलेलं असलं, तर दुसऱ्याने त्याच्याही नावाला हाय म्हणायचं, नाही तर कोयता अर्धा होतो आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नसते. मागच्या वर्षी तिचा नवरा फडातच गेला. तिने कोयता मोडू दिला नाही.

"सा हप्ते मी त्यांच्या नावाला हाय म्हनलं," ती म्हणाली. "मुकादमाला म्हाईत हुतं. टोळीला म्हाईत हुतं. कुनी बोललं न्हाई. मला वाटलं, ह्यांचं पन तसंच असंल."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. लेखणी माझ्या हातात होती. मी तेवढ्यात काय विचार केला असेल? काहीच नाही. सव्वीस वर्षांचं कोर्ट माझ्या अंगात उभं राहिलं आणि मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मॅडम, या सातांतले चौघे वारलेत. पाच वर्षं मी त्यांना हजर लिहीत आलेय. चूक माझी आहे.

सरांनी डोळे मिटले. मॅडम वाईट वागल्या नाहीत. पोलिसात देते वगैरे काही म्हणाल्या नाहीत. संस्था या वर्षी अपात्र, मृत्यूचे दाखले जोडून विश्वस्तांची यादी दुरुस्त करून घ्या, पुढच्या वर्षी या, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि जिना उतरून गेल्या. ती बाई माझ्याजवळ आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. "मंग पोरीला न्ह्यावं लागंल. तिच्यानं कोयता पुरा हुईल."

मी खरं बोलले होते आणि त्याची किंमत आठवीतल्या एका पोरीने भरली. हे मी कुणाला सांगत नाही. सुनेलाही नाही.

ते सगळं वर्ष मी वेड्यासारखं काम केलं. चार घरी जाऊन चार मृत्यूचे दाखले आणले. धर्मादाय कचेरीच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या की तिथला शिपाई मला आत्या म्हणायला लागला. कोरमचा पेच कचेरीनेच सोडवून दिला, चार नवे विश्वस्त आले, तरणीताठी माणसं. ती त्या खुर्च्यांवर बसली, मोबाईल बघायला लागली. हजेरीला आता ज्याचं त्याने उत्तर दिलं. सभा झाल्यावर मी मुद्दाम मागे थांबले आणि वेताच्या खुर्चीवर हात ठेवला. गार होती. बरं वाटायला हवं होतं, पण मला रडू आलं.

दुसऱ्या वर्षी संस्था पात्र ठरली. बावीस घरकुलं मंजूर झाली. त्या बाईने फोनवर विचारलं, पोरीला आता ठिवू का माघारी? मी म्हटलं, अजून पाया खणायचाय गं, एवढं एक वर्ष काढ. दोघी मायलेकी पुन्हा गेल्या. घरं उभी राहिली, पत्रे जाऊन स्लॅब आला, आणि टोळ्या परतायच्या पंधरा दिवस आधी निरोप आला की तिला फडात पान लागलं. साप चावला असं तिकडे म्हणत नाहीत, नाव घेतलं की तो येतो. गाडी मिळेपर्यंत ती गेली होती.

निरोप आला तेव्हा मी आणि सरच खोलीत होतो. ताबा द्यायचा दिवस ठरलेला होता. नियम साधा होता: यादीतलं नाव घेतल्यावर माणूस हजर असेल तर ताबा नोंदायचा, नसेल तर घर मागे राहणार आणि वाट बघणाऱ्यांच्या यादीतून दुसऱ्याला जाणार. एकदा ताबा नोंदला की पुढे वारस लावता येतो. आधी वारस लावायला गेलं, तर पोर वयाने अज्ञान, आजीकडे कागद नाहीत, त्यात किती वर्षं जातील देव जाणे. सर म्हणाले, "बाई, लिहिणाऱ्या तुम्ही आहात. मी काही सांगणार नाही." मी म्हटलं, मला खोटं लिहिता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि घरी येऊन ताट तसंच सारलं.

चैत्रातली दुपार. माळावर बावीस पांढरी घरं ओळीने उभी, सावली कुठेच नाही. मांडवात टेबल, टेबलाशी त्याच मॅडम, शेजारी मी वही घेऊन. माणसं फडातून नुकतीच आलेली, अंगाला अजून उसाच्या पाचटाचा वास. सर नावं घेत होते. एकेक जण "हाय" म्हणत पुढे येत होता, अंगठा लावत होता. ती मुलगी आजीला धरून सगळ्यात पुढे उभी होती. दोन हंगामांत दहा वर्षांनी मोठी झाल्यासारखी. तिने ओढणीचा बोळा दातात गच्च धरला होता, रडू फुटू नये म्हणून. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, म्हणूनच हे शपथेवर सांगू शकते.

सरांनी तिच्या आईचं नाव घेतलं.

मुलीचं तोंड हललं नाही. आजीचंही नाही. सर तर माझ्या शेजारीच होते. आवाज मांडवाच्या कडेने, दारात उभं राहून आल्यासारखा आला. दर मंगळवारी ऐकलेला, जिना चढून थोडा दम लागलेला.

"हाय."

मॅडम मान खाली घालून शिक्का मारत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. गर्दीतल्या कुणी मागे वळून पाहिलं नाही; पाहायचं नसतं, हे त्यांना माहीत असावं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तरी मी पेन उचललं आणि जे ऐकलं ते लिहिलं. हजर. खाली रेघ मारली. आजीला पुढे घेऊन अंगठा लावून घेतला आणि कुलपाची किल्ली मुलीच्या हातात दिली.

तिने ओढणी तोंडातून काढली. किल्लीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिली.

"बाई," तिने हळूच विचारलं, "तुमी पन ऐकलं का?"